बायबलच्या जुन्या सचित्र अक्षरमालेचा काळ कसा ओळखावा

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि अमेरिकेत मुलांसाठी छापलेल्या बायबल-अक्षरमालांच्या (प्रत्येक इंग्रजी अक्षराला बायबलमधील एक नाव आणि चित्र देणाऱ्या पुस्तकांच्या) पुष्कळ प्रतींवर प्रकाशनवर्ष नसते. चित्रांतील पोशाखावरून ते ठरवू गेल्यास हमखास फसगत होते, कारण नोहा किंवा अब्राहाम नेहमी त्याच ठरावीक पौर्वात्य वेषात काढला जाई आणि चित्रांचे ठसेही छापखाने वर्षानुवर्षे वापरत.

म्हणून आधी शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू वाचावी. अमेरिकी प्रतीत स्वामित्वहक्काची नोंद जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत झाल्याचे लिहिले असेल, तर ती नोंद बहुधा १८७० पूर्वीची असते. त्या वर्षीच्या कायद्याने हे काम वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे गेले. पुनर्मुद्रणात मात्र जुनीच ओळ राहू शकते, म्हणून नोंदीचे वर्ष छपाईचे मानू नये. प्रकाशकाच्या नावानेही मर्यादा आखता येते: फिलाडेल्फियाची अमेरिकन संडे स्कूल युनियन १८२४ मध्ये स्थापन झाली, तर लंडनच्या फ्रेडरिक वॉर्नने स्वतःची संस्था १८६५ मध्ये काढली.

त्यानंतर भिंग घ्यावे. रंग काळ्या रेषेबाहेर ओघळलेला आणि पानागणिक कमीजास्त गडद असेल, तर चित्र लाकडी ठशावरून छापून हाताने रंगवलेले असण्याचा संभव अधिक. रंगातच दाणेदार ठिपके दिसले, तर ते रंगीत शिळाछापाचे, म्हणजे दगडावरून रंगांत छापलेले, असावे. या तंत्राचे पेटंट फ्रान्समधील मुद्रक गोदफ्रुआ एंगेलमान यांनी १८३७ मध्ये घेतले असले, तरी मुलांच्या स्वस्त पुस्तकांत ते रुळले शतकाच्या उत्तरार्धात.

पाने पूर्ण आहेत का, हे तपासायला अक्षरक्रमच पुरेसा पडतो. फक्त एक्स, वाय आणि झेड एकाच पानावर कोंबलेले दिसल्यास पान गहाळ झाले असे समजू नये. अक्षरांमधून काळ क्वचितच कळतो, तरी एक्सचे पान चुकवू नये, कारण संकलकाची खरी अडचण तिथेच दिसते. राजा जेम्सच्या काळातील प्रचलित इंग्रजी भाषांतराच्या बायबलात या अक्षराने सुरू होणारे नावच नाही. त्यामुळे एस्तेरच्या पुस्तकातील अहश्वेरोश राजाला त्याच्या ग्रीक नावाने, झर्क्सीस (Xerxes) म्हणून, उभे करण्याची पळवाट उपयोगी पडे. क्यूला शबाची राणी (Queen) सहज मिळते.

शेवटी कोऱ्या पानावरचे हस्ताक्षर पाहावे. चर्चच्या रविवारच्या शाळेत बक्षीस दिल्याची तारीख तिथे असेल, तर प्रत त्या दिवसापूर्वीच छापलेली असणार.