सात पिक्सेलमध्ये तीन बिट: फोटोत निरोप कसा लपवावा

फोटो रामकुंडावरच्या दगडी पायऱ्यांचा, गर्दीचा घ्या. मोकळं आभाळ नको, सपाट भागातला बदल विश्लेषणात पटकन पकडला जातो. फोनमध्ये रॉ फॉरमॅटमध्ये (कॉम्प्रेशन न झालेल्या मूळ रूपात) टिपा, ५१२×५१२ चा कृष्णधवल पीएनजी करा. जेपीईजीपासून बनवलेला पीएनजी टाळा, त्यात ८×८ च्या चौकोनांच्या खुणा उरतात.

निरोप आधी एईएस या कूटलेखन पद्धतीने कूटबद्ध करा, मगच लपवा. पिक्सेलांचा क्रम गुप्त किल्लीवरून विस्कटा आणि सात-सातचे गट पाडा.

आता हॅमिंग कोड, म्हणजे सातपैकी फार तर एकच बिट बदलून तीन बिट लपवायची युक्ती; खरी गंमत इथेच आहे. गटातल्या ज्या पिक्सेलांचा शेवटचा बिट (उजळपणाची संख्या ०-१ मध्ये लिहिली की तिचा शेवटचा अंक) १ आहे, त्यांच्या गटातल्या क्रमांकांचा (१ ते ७) एक्सॉर काढा: संख्या ०-१ मध्ये लिहायच्या, दोन-दोन घेऊन अंक वेगळे तिथे १, सारखे तिथे ० मांडायचा. समजा सात पिक्सेलांचे शेवटचे बिट १०११००१ आहेत: १, ३, ४, ७ यांचा एक्सॉर १. लपवायचंय १०१, म्हणजे ५. १ आणि ५ चा एक्सॉर ४, म्हणून फक्त चौथा बिट उलटवा. उत्तर शून्य आलं तर काहीच बदलू नका. वाचणाऱ्याने पुन्हा एक्सॉर काढला की ५ मिळतो. या फोटोत सुमारे १४,००० बाइट मावतात.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर कॉम्प्रेशनमध्ये सगळं पुसलं जाईल. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. मूळ फोटो कुठेही टाकू नका, दोन्ही ताडून पाहिले की बदललेले पिक्सेल लगेच उघडे पडतात.