मठाच्या वेबसाइटला नाहीतर मासिकाला पैसे द्यायचेत? आधी एवढं बघून घ्या

देवळाच्या पेटीत टाकलेल्या नोटेचं पुढे काय होतं हे आपण कधी विचारत नाही, पूजा-नैवेद्य, दिवाबत्ती, झालं. पण हल्ली मठ अॅपसाठी, व्हिडिओसाठी, जुने अंक ऑनलाइन टाकायला पैसे मागतात आणि तिथे माणूस अडतो, की साधूंना सर्व्हर कशाला लागतो बुवा? अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून हे बऱ्याचदा ऐकलंय, म्हणून एकच मठ धरून सांगतो म्हणजे नीट कळेल. हवाईतल्या कौआई बेटावरचा, कौआई आधीनम. हा तमिळ शैव परंपरेतला मठ, १९७० साली सद्गुरू शिवाय सुब्रमुनियस्वामींनी सुरू केलेला. ते जन्माने अमेरिकन, दीक्षा मात्र श्रीलंकेत जाफन्याच्या योगस्वामींची. बरेच जण या मठाला तिथल्या इरैवन मंदिरामुळे ओळखतात, कर्नाटकात हाताने घडवलेला ग्रॅनाइट जहाजाने नेऊन बांधलेलं, २०२३ मध्ये कुंभाभिषेक (मंदिराची विधिवत प्रतिष्ठा) झाला. पण घरबसल्या जगभर पोचलेलं त्यांचं काम म्हणाल तर ते हिंदुइझम टुडे, १९७९ पासून चालू असलेलं, आता त्रैमासिक आहे, छापील अंक विकत आणि डिजिटल अंक फुकट.

आता फुकट म्हटलं की लोकांना वाटतं यात खर्च नाही. गोची इथेच आहे. या मठाची खासियत अशी की संपादन, मांडणी, बरंचसं फोटोचं आणि वेबसाइटचं काम तिथले साधूच करतात, आणि साधूला पगार नसतो. साध्या ऑफिसात सगळ्यात मोठा खर्च पगाराचा असतो, तोच इथे बराचसा गायब. मग देणगी कुठे जाते? तर जे साधूला स्वतःच्या हाताने करता येत नाही तिकडे. कागद, छपाई, पोस्टेज (बेटावरून जगभर अंक पाठवायचे म्हणजे हे काही कमी नाही), बाहेरच्या चित्रकारांचं, फोटोग्राफरचं आणि लेखकांचं मानधन, कॅमेरे, कॉम्प्युटर, होस्टिंग (वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा), बॅकअप. कुठल्याही मठाला पैसे देण्याआधी मी हेच विचारतो, की इथली माणसं फुकट राबतात का पगारी आहेत, कारण त्यावर तुमच्या शंभर डॉलरचं काय होणार ते ठरतं. पगारी असली म्हणजे वाईट असं मुळीच नाही, फक्त कळलं पाहिजे.

दुसरा प्रश्न, आणि हा लोक विचारतच नाहीत: हे पाच वर्षांनी कोण चालवणार? नवीन अॅप म्हटलं की देणगी पटकन जमते, लाँचचे फोटो छान येतात. पण अॅपल डेव्हलपर खात्याचे दरवर्षी ९९ डॉलर घेतं (ना-नफा संस्थांना माफी मिळू शकते, पण ती मागावी लागते), गूगल प्ले एकदाच २५ घेतं, आणि खरा खर्च तो नाहीच, दरवर्षी फोनची सिस्टीम बदलते आणि जुनं अॅप बंद पडू शकतं, मग परत कोणीतरी बसून दुरुस्त करायचं. वेबसाइटचं तेच. स्कॅनिंगचं तर त्याहून जास्त, पानं स्कॅन झाली म्हणजे काम झालं असं वाटतं, पण ती शोधता यायला हवीत, दोन-तीन ठिकाणी त्यांच्या कॉप्या हव्यात, हार्ड डिस्क कधी ना कधी जातेच. म्हणून माझं स्पष्ट मत, अॅपला द्यायला दहा जण मिळतात, तुम्ही होस्टिंग आणि बॅकअपला द्या. कौतुक होणार नाही, कोणी नाव लावणार नाही, पण काम त्याच्यावरच उभं असतं.

कौआईवाल्यांनी यासाठी दोन वाटा ठेवल्यात आणि त्या वेगळ्या आहेत हे समजून घ्या. एक म्हणजे चालू खर्चासाठीची देणगी, वर्षअखेरीला ते डिजिटल धर्म ड्राइव्ह नावाने ऑनलाइन कामांसाठी पैसे गोळा करत आलेत, ते येतात आणि खर्च होतात. दुसरी वाट हिंदू हेरिटेज एंडाउमेंट, १९९४ पासूनची, हिच्यात वेगवेगळे फंड आहेत, मासिकाच्या निर्मितीसाठीचा वेगळा, आणि इतर संस्थांसाठीचेही. हे आपल्या एफडीसारखं, मुद्दल हलवायची नाही, गुंतवायची आणि तिच्या उत्पन्नातला भाग दरवर्षी कामाला द्यायचा. समजा तुम्ही १,००० डॉलर टाकले आणि वर्षाला ४ टक्के वाटले तर कामाला मिळाले ४० डॉलर. ऐकायला फार थोडे वाटतात, पण ते दरवर्षी मिळत राहतात आणि त्या भरवशावर संपादक पुढच्या अंकाचं प्लॅनिंग करू शकतो. घाईचं काम असेल, समजा कॅमेरा बिघडलाय, तर एंडाउमेंटचा काही उपयोग नाही, तिथे सरळ देणगीच लागते. दोन्हीत गल्लत करू नका.

द्यायचं ठरलं की मग हे करा. फॉर्ममध्ये किंवा चेकच्या मेमोमध्ये कशासाठी ते लिहा, 'फॉर गुड वर्क' असलं मोघम नको, प्रकाशनासाठी, वेबसाइटसाठी, अमुक फंडासाठी असं. अमेरिकेत देणाऱ्याने घातलेली आणि संस्थेने मान्य केलेली अट संस्थेला बांधून घेते, ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. पण अट फार बारीकही नको, 'पान ३२ वरच्या चित्रासाठी' असं लिहिलंत तर ते बिचारे पैसे घेऊन बसतील आणि खर्च करता येणार नाही. जिथे विश्वास बसलाय तिथे 'प्रकाशन आणि ऑनलाइन काम, जिथे गरज असेल तिथे' हे सगळ्यात उपयोगी. आणि एकदम ५०० देण्यापेक्षा महिन्याला २०-२५ ठेवलेत तर त्यांना बरं पडतं, बिलं महिन्याची असतात ना.

पावती घ्याच. २५० डॉलर किंवा जास्त असेल तर टॅक्ससाठी संस्थेची लेखी पोच लागते, बँकेचं स्टेटमेंट पुरत नाही. अंकाची वर्गणी भरलीत तर ती खरेदी, दान नाही, वर जास्तीचे दिले असतील तेवढेच दान धरलं जातं. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्समधून सूट असलेली धर्मादाय संस्था, आहे का ते आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) साइटवर नाव टाकून बघता येतं. एक मात्र लक्षात ठेवा, अमेरिकेत चर्च म्हणून धरल्या जाणाऱ्या धार्मिक संस्थांना, त्यात मठही येऊ शकतात, फॉर्म ९९० (ना-नफा संस्थांचं वार्षिक हिशेबाचं विवरणपत्र) भरणं सक्तीचं नाही, त्यामुळे तो सापडला नाही म्हणून लगेच चोर ठरवू नका. अशा वेळी सरळ ईमेल करा: मागच्या वर्षी प्रकाशनावर किती खर्च झाला, छापील अंक किती निघतात, वेबसाइट कोण सांभाळतं. चांगल्या ठिकाणी याला राग येत नाही, उलट सविस्तर उत्तर येतं. उत्तरात नुसतेच आशीर्वाद आले तर मी तरी थांबतो. ऑफिसमध्ये देणगी मॅचिंग (तुम्ही दिलेत तेवढेच कंपनीही देते) असेल तर एचआरला आधी विचारा, काही कंपन्या धार्मिक संस्थांना मॅच करत नाहीत.

आणि पैसे दिल्यावर काम बघा की. हिशेब वाचायचा कंटाळा येतो मान्य, पण जे फुकट ठेवलंय ते उघडून बघायला काय जातंय? कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांना प्राचीन भारत शिकवतात, आणि पुस्तकात हिंदू धर्माबद्दल काय छापलंय यावरून तिथे पालकांचे मोठे वाद झालेत. हिंदुइझम टुडेने त्याच इयत्तेच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून भारताचा इतिहास लिहून काढला, त्याचा व्हिडिओही केला, फुकट बघता येतो. बे एरियातल्या मराठी आईबापांनी तो मुलांबरोबर एकदा बघावा आणि मग ठरवावं पटतं का. काही गोष्टी पटणार नाहीतही, तो शैव मठ आहे, आपली वारकरी किंवा दत्त संप्रदायाची घरं वेगळ्या वळणाची. माझं तरी असंय, जे मी स्वतः वाचत नाही त्याला नुसतं धर्माचं काम म्हणून पैसे देत नाही.

सगळेच दान मागतात असंही नाही हां. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासून स्वस्त पुस्तकं छापते आणि देणग्या घेत नाही, २०२१ चा गांधी शांतता पुरस्कार मिळाला तेव्हा सन्मान घेतला आणि एक कोटी रुपये नाकारले. तिथे मदत करायची तर पुस्तकं विकत घ्यायची, बस.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथून हवाईला पैसे पाठवायचे तर बँकेतून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जातात, त्यासाठी फॉर्म ए२ हा अर्ज, पॅन, वर बँकेचे चार्जेस, आणि परदेशी संस्थेला दिल्यावर ८०जीची (देणगीवरची आयकरातली) सूट मिळत नाही. दोन-तीन हजार रुपयांसाठी हा उपद्व्याप कोणी करू नये. त्यापेक्षा त्यांचा डिजिटल अंक फुकट वाचा आणि पैसे जवळ द्या. नागपूरचा रामकृष्ण मठ मराठी पुस्तकं आणि जीवन-विकास मासिक काढतो, आधी वर्गणी भरा, आवडलं तर प्रकाशनासाठी म्हणून वेगळी देणगी द्या. कुठेही देताना ८०जी आहे का ते आधी विचारा, २,००० च्या वरची रक्कम रोख देऊ नका कारण सूट मिळणार नाही, आणि वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म १०बीई) मागून घ्या. नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर हे सगळं सोडा, सूट तशीही नाही, नुसती पावती ठेवा.