कमोडोर ६४ च्या फ्लॉपीवरून जुन्या फाइली कशा काढाव्यात

जुनी सव्वापाच इंची फ्लॉपी हाती आली की ती लगेच ड्राइव्हमध्ये घालून फाइलींची यादी बघू नका. वाचताना हेड थेट चुंबकीय थराला घासतं. थरावर बुरशी असेल तर पहिल्याच फेरीत तो खरवडला जातो, आणि खरवडलेला थर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून आधी तपासणी, मग सफाई, मग अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेली एक फाइल. फाइली शोधणं, उघडणं, दुरुस्त करणं हे सगळं त्या इमेजच्या प्रतीवर.

आनंदाची गोष्ट म्हणजे यासाठी कमोडोर ६४ हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक सुरू करावाच लागत नाही. त्याच्या मूळ पॉवर सप्लायमधला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब जातो आणि रॅमच्या चिप जळतात, त्यामुळे मल्टिमीटरने मोजल्याशिवाय तो जोडूच नये. त्याच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हच्या मूळ मॉडेलचा सप्लाय मात्र आतच असतो. झूमफ्लॉपी नावाचा यूएसबी अडॅप्टर वापरला की हा ड्राइव्ह सरळ आजच्या संगणकाला जोडता येतो आणि ओपनसीबीएम हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलतं. लेबलवरचं व्होल्टेज बघा आणि ड्राइव्ह रिकामाच सुरू करा: लाल दिवा लागून मोटर क्षणभर फिरली आणि दोन्ही थांबलं, तर ठीक. दिवा लागलेलाच राहिला किंवा सारखा मिचकत राहिला तर आतल्या बोर्डात दोष आहे. फ्लॉपी आत असताना ड्राइव्ह चालू-बंद करू नका.

दुसरा मार्ग ग्रीसवीझल या यूएसबीला जोडायच्या छोट्या बोर्डाचा, सोबत जुन्या पीसीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह, ३४ टोकांची रिबन केबल आणि ५ व १२ व्होल्टचा सप्लाय. हे यंत्र चुंबकीय बदलांच्या वेळा जशाच्या तशा नोंदवतं, म्हणून खराब डिस्कसाठी आम्ही हाच मार्ग सुचवू. एक अडचण मात्र आहे. १५४१ एकाच बाजूवर लिहितो, त्यामुळे लोक कडेला लिहिण्याची परवानगी देणारी दुसरी खाच कापून फ्लॉपी उलटी घालत. उलट्या फ्लॉपीचं इंडेक्स भोक (फेरीची सुरुवात दाखवणारं) सेन्सरसमोर येत नाही आणि पीसीचे बरेच ड्राइव्ह मग वाचायला तयारच होत नाहीत. १५४१ त्या भोकाकडे बघतच नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलेली डिस्क त्याच्यावरच सोपी जाते.

आता सफाई. कडेच्या प्रत्येक खाचेवर अपारदर्शक पट्टी चिकटवा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मधलं भोक धरून डिस्क हळूहळू फिरवा आणि खिडकीतून तिरप्या उजेडात पाहा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन न दाबता पुसा, प्रत्येक फेरीला नवी काडी घ्या आणि पूर्ण वाळू द्या. बुरशी जास्त असेल तर आवरणाची वरची कड कापून आतली चकती बाहेर काढा, डिस्टिल्ड पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबात धुवा, वाळवा आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात घाला. तीच बाजू वर राहील याची खूण आधीच करा. ड्राइव्हचं हेड प्रत्येक संशयास्पद डिस्कनंतर पुसा. वाचताना चिरकण्याचा आवाज आला तर त्याच क्षणी थांबवा, कारण थर सुटू लागलेला असतो.

डिस्कवर ३५ ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार पट्टे असतात, आणि प्रत्येकाचे सेक्टर नावाचे तुकडे. १ ते १७ मध्ये प्रत्येकी २१ सेक्टर, १८ ते २४ मध्ये १९, २५ ते ३० मध्ये १८ आणि ३१ ते ३५ मध्ये १७. एकूण ६८३ सेक्टर, प्रत्येक २५६ बाइटचा. म्हणून पूर्ण डी६४ इमेज (सेक्टरमधला डेटा ओळीने ठेवणारा प्रकार) नेमकी १,७४,८४८ बाइटची भरते. सेक्टरच्या चुकांची नोंद सोबत असेल तर १,७५,५३१. ड्राइव्हने दिलेली चूक २३ म्हणजे डेटाचा चेकसम (तपासणीसाठीचा आकडा) जुळत नाही; बहुतेकदा हेडवर घाण बसलेली असते, पुसून पुन्हा वाचा. चूक २० किंवा २१ ओळीने अनेक ट्रॅकवर आली तर ड्राइव्हचं अलाइनमेंट, म्हणजे हेडची ट्रॅकवरची जागा, बिघडलेलं असू शकतं, दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. लिहिणाऱ्या ड्राइव्हचंच अलाइनमेंट हललेलं असेल तर ती डिस्क त्याच ड्राइव्हवर सर्वांत चांगली वाचली जाते. विकतच्या खेळांच्या डिस्कवर अशा चुका मुद्दाम, कॉपी रोखण्यासाठी घातलेल्या असत. त्यांची डी६४ नको, ट्रॅकवरचे कच्चे बिट जपणारी जी६४ इमेज घ्या.

आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणाऱ्या व्हाइस एम्युलेटरसोबत मिळणारं सी१५४१ इमेजमधून फाइली बाहेर काढतं, आणि पेटकॅट बेसिक प्रोग्रॅमचा वाचता येणारा मजकूर करून देतं. पीआरजी (प्रोग्रॅम) फाइलचे पहिले दोन बाइट मेमरीतला पत्ता असतात, मजकूर त्यांच्यानंतर सुरू होतो. लेखनाच्या काही प्रोग्रॅमनी मजकूर कमोडोरच्या पेटस्की या अक्षरसंकेताऐवजी पडद्यासाठीच्या स्क्रीन कोडमध्ये ठेवला आहे: पहिल्यात ए म्हणजे ६५, दुसऱ्यात १. फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर ती खराब झाली असं समजण्याआधी स्क्रीन कोड म्हणून वाचून बघा.

खोडलेल्या फाइली हा सर्वांत आशेचा भाग. १५४१ फाइल खोडताना यादीतला प्रकाराचा एक बाइट शून्य करतो आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवतो, मजकूर जागेवरच राहतो. यादी ट्रॅक १८ वर असते. इमेज हेक्स एडिटरमध्ये उघडा (त्यातले आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले असतात): पहिला भाग इमेजमध्ये हेक्स १६६०० पासून, ३२ बाइटला एक नोंद. नोंदीच्या सुरुवातीचे दोन बाइट सोडून तिसऱ्यात हेक्स ८२ लिहिलं की ती पीआरजी होते, हेक्स ८१ लिहिलं की एसईक्यू (ओळीने साठवलेला डेटा). मग फाइल बाहेर काढा. प्रत्येक सेक्टरचे पहिले दोन बाइट पुढचा ट्रॅक आणि सेक्टर सांगतात. पहिला शून्य असेल तर तो शेवटचा सेक्टर. साखळी मध्येच दुसऱ्या फाइलच्या सेक्टरमध्ये शिरली तर त्यापुढची जागा नंतर वापरली गेली आहे. तिथवरचं वेगळं जपून ठेवा. आयडी (डिस्कची दोन अक्षरी ओळख) न देता फॉरमॅट केलेल्या डिस्कवर यादीचा फक्त पहिला सेक्टर आणि जागेचा नकाशा पुसला जातो, त्यामुळे तिथेही ही साखळी हाताने जोडता येते. आयडी देऊन केलेला फॉरमॅट मात्र प्रत्येक ट्रॅक नव्याने लिहितो, अशा डिस्कवर वेळ घालवू नका.