फोटो स्टायलिंगचं बिल कसं लावायचं, इंदूरच्या फ्रीलान्सरांसाठी

इंदूरमधे क्लायंट नमकीनवाला असो नाहीतर विजयनगरातला नवा कॅफे, त्याला आपण, म्हणजे फोटोसाठी वस्तू मांडणारे स्टायलिस्ट, दिसतो फक्त शूटच्या दिवशी, चिमट्याने प्लेटीत एकेक शेव लावताना. मग बिल बघून "चार घंटे का तो काम था मॅडम" हे येणारच. त्यात त्याची काही चूक नाही, आदल्या दिवशी आपण सामानासाठी बर्तन बाजार आणि सियागंज पालथं घालत होतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून बिलात एकच गोळा आकडा टाकू नका, तयारी, शूट आणि सामान परत करणं अशा वेगळ्या ओळी लिहा, आणि हेच कोटेशनमधे आधी लिहून पाठवा, नंतर सांगितलं की ते बहाण्यासारखं वाटतं.

दर ठरवताना शेजारची काय घेते ते विचारण्याआधी स्वतःचा हिशोब मांडा. समजा घरखर्च, पेट्रोल, किटची भर, थोडी बचत मिळून महिन्याला ६०,००० लागतात, आणि ज्यांचं बिल लावता येईल असे दिवस महिन्यात १०च निघतात (बाकीचे कोटेशन, फोन आणि पैशांसाठी मागे लागण्यात जातात), तर दिवसाचा दर ६,००० झाला. हा काही बाजारभाव नाही, फक्त पद्धत समजावी म्हणून आकडा घेतलाय. आता एक दिवसाच्या शूटला तयारी अर्धा दिवस ३,०००, शूट ६,०००, परत करणं पाव दिवस १,५००, म्हणजे १०,५००. काही जण तयारीचा दर कमी लावतात, मला ते पटत नाही, डोकं तर तयारीतच जास्त लागतं. पण मग दिवस खरे मोजा, दोन तासांत झालेल्या खरेदीला अर्धा दिवस लावायचा नाही.

सगळ्यात जास्त कटकट सामानाची. एका प्लेटीसाठी अख्खी, न तुटलेली शेव निवडायची तर दोन किलो आणावी लागते, साडीच्या शूटला सीतलामाता बाजारातून दोन-तीन रंगांचं अस्तर आणावं लागतं आणि वापरलं एकच जातं, हे क्लायंटला आधी सांगून ठेवा आणि एक मर्यादा ठरवा, म्हणजे समजा ५,००० च्या वर जायला लागलं तर दुकानातूनच फोन करायचा. सामान जेवढ्याला घेतलं तेवढंच बिलात. दुकानदार ओळखीचा म्हणून त्याने १० टक्के सोडले तर ते क्लायंटचे, आपले नाहीत. धावपळीचे पैसे हवे असतील तर ते तयारीच्या ओळीत उघड घ्या, वस्तूच्या किमतीत लपवून नको, इंदूर तसं लहानच आहे, आपण आणलेल्या बाउलची किंमत क्लायंट उद्या त्याच दुकानात विचारून येईल. कच्ची पर्ची असली तरी फोटो काढून बिलासोबत जोडा. आणि क्लायंटच्या पैशाने घेतलेलं क्लायंटचं, ते बाउल कितीही आवडले तरी "हे ठेवून घेऊ का" विचारल्याशिवाय घरी न्यायचे नाहीत.

ग्लिसरीन, स्प्रे बाटली, पिना, डबल टेप, स्टीमर यांचा हिशोब एकेक करून देत बसू नका, छोटी ठरावीक किट फी लावा. स्वतःचे प्रॉप (फोटोत मांडायच्या प्लेटी, बाउल, कापड वगैरे) वापरले तर थोडं भाडं घ्या, आणि शूटवर फुटलं तर कोण भरणार ते आधीच लिहा. स्वतःच्या हातून फुटलं तर अर्थात आपणच.

ओव्हरटाइम कधी सुरू होतो (मी १० तासांनंतर म्हणेन), आदल्या दिवशी शूट रद्द झालं तर किती, हेही त्याच कोटेशनमधे. रीशूटचं सरळ आहे, आपली चूक असेल तर आपली मेहनत फुकट, त्यांनी पाकिटाचं डिझाइन बदललं तर नवं बिल. फोटोग्राफरने बोलावलं असेल तर बिल त्याच्या नावाने की कंपनीच्या, हे पहिल्या फोनवरच विचारा, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

ओळखीतले क्लायंट, म्हणजे काकूंच्या भिशीतल्या कुणाचा तरी घरगुती मसाल्यांचा ब्रँड, हा आपल्याकडचा खास विषय. सूट जरूर द्या, पण बिलात पूर्ण दर लिहून खाली सूट वजा करून दाखवा. नुसता कमी आकडा दिला की तोच आपला दर म्हणून मंडळात सगळीकडे पोचतो, आणि पूर्ण पैसे देणाऱ्याच्या कानावर गेला की त्यालाही वाटतं आपल्याला लुबाडलं.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पुण्या-मुंबईच्या क्लायंटचं काम केलं तरीही. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, कितीही "जीएसटी वाला बिल दो" म्हटलं तरी. कंपनी टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच आपल्या नावाने कापलेला आयकर) कापू शकते, त्यासाठी बिलावर पॅन लिहा आणि कापलेला पैसा आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतोय का ते बघत राहा. सामानाच्या खर्चाचं बिल फीपासून वेगळं काढलेलं बरं, नाहीतर शेव-अस्तराच्या पैशावरही टीडीएस कापून मोकळे होतात.

अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि सामानाचे तर पूर्णच, राखी ते दिवाळीच्या गर्दीत चार क्लायंटांचं सामान आपल्या खिशातून भरणं परवडत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ही ओळ बिलाच्या तळाशी शांतपणे छापा, धमकी म्हणून नाही, त्यांच्या अकाउंटंटने वाचावी म्हणून. बिल काम संपल्यावर दोन दिवसांत पीडीएफ करून मालक आणि अकाउंटंट दोघांनाही पाठवा, आणि "भिया, अगले महीने देख लेते हैं" आलं तर हसून तारीख विचारा आणि तीच तारीख त्याच चॅटवर लिहून टाका.