बॉनेटखाली कॉम्प्रेसर बसवण्याआधी

चिखलवाटेसाठी कमी केलेली टायरची हवा परत भरणारा कॉम्प्रेसर कुठल्या कंपनीचा घ्यावा हे नंतर बघू. तो गाडीत कायमचा बसवायची गरज आहे का, हे आधी ठरवा. पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी मावळातल्या चिखलवाटेवर जाणार असाल, तर बॅटरीला चिमटे लावून चालणारा, पिशवीत मावणारा कॉम्प्रेसर पुरतो. तो मित्राच्या गाडीलाही देता येतो. बॉनेटखाली कायमचा बसवायचा तो दर आठ-पंधरा दिवसांनी हवा कमी-जास्त करणाऱ्यांनी, किंवा हवेवर चालणारे डिफरन्शियल लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारे) बसवणार असतील त्यांनी. आपल्याकडे फोर्सच्या गुरखा गाडीला पुढचे-मागचे लॉक कंपनीतूनच येतात आणि तेही यांत्रिक, त्यामुळे बहुतेकांचा कॉम्प्रेसर फक्त टायरसाठीच असतो. हे मान्य केलं की खरेदीतले बरेच पैसे वाचतात.

हवेचा हिशेब कागदावर मांडा. नव्या थारचा २५५/६५ आर १८ टायर घेतला तर त्याच्या पोटात साधारण ६५ लिटर जागा असते. १८ पीएसआयवरून ३२ वर न्यायचं म्हणजे जवळपास एक वातावरण दाब चढवायचा, म्हणजे दर टायरला बाहेरची साठ-पासष्ट लिटर हवा आत ढकलायची. चार टायरचे अडीचशे लिटर धरा. आता खोक्यावरचा लिटर-प्रति-मिनिटाचा आकडा वाचताना तो शून्य दाबाचा आहे की ३० पीएसआयचा, हे बघा. मोठ्या अक्षरात शून्याचाच छापतात. ड्यूटी सायकलचंही, म्हणजे ठरावीक वेळात किती टक्के वेळ कॉम्प्रेसर चालवता येतो त्या आकड्याचंही, तसंच. तो टक्का बहुधा २२ अंश तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात घाट चढून आलेल्या इंजिनाशेजारी २२ अंश कुठून आणणार? पत्रकात कमाल तापमान दिलेलं असतं, तेही बघा. काही कॉम्प्रेसर इंजिनाजवळ बसवू नका असं त्यांच्याच पत्रकात लिहिलेलं असतं, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही.

आता जागा. निम्मं काम इथेच आहे आणि ते कॉम्प्रेसर विकत घेण्याआधी करायचं. गाडी तासभर चालवून आणा, बॉनेट उघडा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने कोपरा न् कोपरा मोजा. टर्बो आणि एक्झॉस्टच्या बाजूचा विचारही करू नका. इंटेकच्या बाजूला, शक्य तितकं उंच, फेंडरच्या आतल्या पत्र्यालगत जागा शोधा. थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जायला परवानगी देते, पण पाण्यात शिरल्यावर पंखा आत कसे फवारे उडवतो हे ज्याने पाहिलंय तो कॉम्प्रेसर खाली लावणार नाही. जागा सापडली की काय काय झाकलं जातंय ते बघा. ब्रेक ऑइलची बाटली, डिपस्टिक, डिझेल फिल्टरचा पाणी काढायचा स्क्रू, फ्यूज बॉक्सचं झाकण, यातलं काहीही अडलं तर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक कॉम्प्रेसर उपटून बाजूला ठेवेल आणि परत बसवेल तो स्वतःच्या पद्धतीने. कॉम्प्रेसर इंजिनावर बसवायचा नाही, बॉडीवर बसवायचा. इंजिन आपल्या माउंटवर डुलत असतं, म्हणून न्यूट्रलमध्ये कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि ते किती हलतं ते बघून तेवढी मोकळी जागा धरा. डिझेल गाडीत हे विशेष बघा.

पुठ्ठ्याचा साचा कापा. कॉम्प्रेसरच्या मापाचं खोकं त्यावर चिकटवा, वर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा आणि बॉनेट हलकेच बंद करा. उघडल्यावर कणीक किती दबली ते पट्टीने मोजा. २० मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर जागा बदला. कच्च्या रस्त्यावर बॉनेटसुद्धा थरथरतं. घरच्यांनी कणीक कुठे गेली विचारलं तर त्याचं उत्तरही तयारीत धरा.

ब्रॅकेट फॅब्रिकेटरकडून ३ किंवा ४ मिलिमीटरच्या पत्र्यातून करून घ्या. नुसता एल आकाराचा नको. वाकवलेल्या कोपऱ्यात आडवी पट्टी वेल्ड केलेली हवी, नाहीतर चार-पाच किलो वजन थरथरून बेंडलाच तडा जातो. गाडीत आधीपासून असलेली आट्यांची भोकं वापरा. नवं भोक पाडायचंच असेल तर पत्र्याच्या मागे वायरिंग किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे मागून हात घालून बघा आणि कापलेल्या कडेला लगेच प्रायमर लावा. कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी पावडर कोटिंगला कंजुषी करू नये. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे घ्या.

विजेचं सामान मुंबईकरांना लोहार चाळीत एका फेरीत मिळतं. एका सिलिंडरचा चांगला कॉम्प्रेसर भाराखाली २५ ते ३० अँपिअर ओढतो, दोन सिलिंडरचा याच्या दुपटीहून जास्त. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर, जायला दोन मीटर, यायला दोन मीटर, अशी धरली तर ३० अँपिअरला वाटेतच ०.८ व्होल्टच्या पुढे घट होते. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ती ०.३५ वर येते. म्हणून सहाचीच घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण तो कॉम्प्रेसरला नव्हे, वायरीला वाचवायला असतो. ४० अँपिअरचा रिले, म्हणजे छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घ्या. ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून आलेला सप्लाय, ८७ ला कॉम्प्रेसर, ८५ आणि ८६ ला स्विच व अर्थ. दोन सिलिंडरचा असेल तर हा रिले पुरत नाही, पत्रकातलं वायरिंगच वापरा. स्विचचा सप्लाय इग्निशनवरून घ्या, म्हणजे गाडी बंद केली की कॉम्प्रेसरही बंद. कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे मूळ वायरिंगच्या जुडग्याला, कुठेही चीर द्यायची नाही, वॉरंटीचं भांडण तिथूनच सुरू होतं. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तर अर्थ त्या टर्मिनलला न लावता बॉडीला, रंग खरवडून लावा. वायरीच्या टोकाचं थिंबल पकडीने चेपू नका, क्रिम्पिंग टूल आणा. वायरीवर फ्लेक्झिबल पाइप चढवा. उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते, आणि नवी वायर तर फारच.

हवेच्या नळीत लोक सगळ्यात जास्त फसतात. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. पंक्चरवाल्याकडची पिवळी-निळी नळी थेट कॉम्प्रेसरच्या डोक्याला लावली तर ती मऊ पडून निसटते. पहिला फूट-दीड फूट स्टीलच्या जाळीची, आत टेफ्लॉन असलेली नळी हवी. फिटिंग घ्यायला नागदेवी स्ट्रीटवर जाताना कॉम्प्रेसरसोबत आलेला जोड खिशात घालून न्या. पाव इंची बीएसपीला (ब्रिटिश मापाच्या आट्यांना) इंचात १९ आटे असतात, पाव इंची एनपीटीला (अमेरिकी मापाच्या) १८, शिवाय दोन्हींच्या आट्यांचा कोनही वेगळा. चुकीची जोडी हाताने फिरवली तर पहिले दोन-तीन आटे अगदी गुळगुळीत जातात, मग अडतात. तिथे पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमचं डोकं गेलं समजा. अमेरिकी बनावटीला बहुधा एनपीटी असतो आणि आपल्या दुकानात काउंटरवर पुढे येतो तो बीएसपी. टेफ्लॉन टेप पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळा, नाहीतर तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. फिरत्या नटाच्या कोनी जोडाला टेप लावतच नाहीत.

एअर फिल्टर इंजिनाजवळच्या गरम, धुळीच्या हवेत राहत असेल तर नळीने तो उंच आणि कोरड्या जागी न्या. कोकणातली लाल धूळ बारीक असते, म्हणून एक जादा फिल्टर आधीच घेऊन ठेवा. हवेची टाकी बसवणार असाल तर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला पाणी सोडायचा कॉक आहे ना, ते बघा.

बसवायच्या दिवशी इंजिन पूर्ण थंड हवं. १० चा पाना घेऊन निगेटिव्ह आधी सोडवा, लावताना शेवटी लावा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. काम झालं की इंजिन चालू ठेवून दाब भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा आला तर तो जोड उघडून पुन्हा बसवा, नुसता आवळत सुटू नका. मग चारही टायर १८ वर आणून सलग भरा. भरताना फ्यूज होल्डर, रिले आणि थिंबल हाताने चाचपत राहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर क्रिम्प सैल आहे. पहिल्या खडबडीत फेरीनंतर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, डोक्यावर रंगाच्या पेनाने रेघ ओढून ठेवा, आणि फ्यूजचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून त्याच मापाचे दोन फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका.