एमपीसीबी पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल किंवा जळत असेल, तर

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात असो वा निपाणी-खानापूरकडच्या पंपघरात, एकाच मोटरचा एमपीसीबी (मोटरला ओव्हरलोड व शॉर्टसर्किटपासून वाचवणारा ब्रेकर) दुसऱ्यांदा बदलण्याची वेळ आली की दोष बहुधा ब्रेकरमध्ये नसतो. नवा मागवण्याआधी तो नेमका केव्हा पडतो, म्हणजे ट्रिप होतो, हे पाहावे: मोटर सुरू करताक्षणी, काही मिनिटे चालल्यावर, की ट्रिप न होता टर्मिनलपाशीच जळतो.

सुरू करताक्षणी पडत असेल, तर मेन बंद करून त्याला कुलूप लावावे, मोटरकडची केबल सोडवावी आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग व बॉडी यांमधील इन्सुलेशन तपासावे. ते 1 मेगाओहमपेक्षा कमी भरल्यास मोटर चालवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात टर्मिनल बॉक्सच्या सैल ग्लँडमधून (केबल आत शिरते त्या जोडातून) पाणी शिरलेले असण्याची शक्यता बरीच असते. केबलही वेगळी तपासावी. मेगरचे रीडिंग चांगले असूनही ट्रिप होत असेल, तर ब्रेकरची अँपिअर श्रेणी पाहावी. चुंबकीय ट्रिप (फार मोठ्या करंटला तत्क्षणी होणारी) साधारणपणे श्रेणीच्या कमाल आकड्याच्या 13 पटीवर होते. त्यामुळे 9.5 अँपिअरच्या मोटरला 6 ते 10 आणि 9 ते 14 या दोन्ही श्रेणी चालत असल्या, तरी पहिलीत ही मर्यादा सुमारे 130 आणि दुसरीत सुमारे 182 अँपिअर येते. सुरुवातीला जास्त करंट ओढणाऱ्या आयई3 (उच्च कार्यक्षमतेच्या) मोटरला पहिलीत ट्रिप होऊन दुसरीत न होण्यास हा फरक पुरेसा ठरतो.

काही मिनिटांनी पडणे म्हणजे ओव्हरलोड. ब्रेकरची डायल मोटरच्या नेमप्लेटवरील अँपिअरवरच असावी. ती वर फिरवून काम भागवणे म्हणजे रिवाइंडिंगचा खर्च ओढवून घेणे होय. लोडवर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजावेत. तिन्ही सारखेच जास्त असतील, तर बेअरिंग, बेल्टचा ताण, पंपाचा ग्लँड आणि कमी व्होल्टेज तपासावे. एकच जास्त असेल, तर पुरवठा बंद करून मोटरकडच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवाव्यात, म्हणजे फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट त्याच पुरवठा-फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात, कॉन्टॅक्टरमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) किंवा एखाद्या सैल जोडणीत आहे. वाइंडिंगबरोबर सरकला तर मोटरमध्ये. व्होल्टेजमधील थोडासा असमतोलही करंटमध्ये कित्येक पटींनी दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

जळालेल्या ब्रेकरकडे मात्र निरखून पाहावे. एकाच पोलजवळचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल आणि वायरचे इन्सुलेशन कडक होऊन तडकले असेल, तर ती जोडणी सैल होती. ॲल्युमिनियमची वायर योग्य लगशिवाय (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) थेट बसवलेली असते, किंवा कंपनाने स्क्रू ढिला होतो. नवा ब्रेकर बसवताना त्यावर छापलेल्या टॉर्कनेच स्क्रू आवळावा, जळालेला वायरचा भाग कापून नवा लग लावावा आणि फाउंड्रीच्या धुळीने भरलेले पॅनेल आधी साफ करावे. त्यानंतर पूर्ण लोडवरचे तिन्ही अँपिअर तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत. पुढच्या वायरमनला तुलनेसाठी तेवढे पुरते.