वजनाच्या ऑपरेशनला सोबत करताय? मग या चुका टाळा

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेला माणूस भराभर उतरायला लागला की त्याला दोन गोष्टींची घाई होते: जुने कपडे वाटून टाकायची आणि दुसऱ्यांना सल्ले द्यायची. कपडे खुशाल वाटा. सल्ल्यांचं जरा थांबा.

माझं बायपास होऊन बरीच वर्षं झाली. हृदयाचं नव्हे, जठराचं: जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुणाचं ऑपरेशन ठरलं की कुणीतरी माझा नंबर देतं. आपल्याकडची अडचण सरळ आहे. ऑपरेशन होतं मुंबईला, पुण्याला, कोल्हापूरला नाहीतर गोव्याला. दोन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो, माणूस गाडीत बसून गावी येतो आणि सर्जन राहतो तिकडे. मग रात्री पोटात काही झालं की पहिला फोन जातो आधी ऑपरेशन झालेल्या ओळखीच्या माणसाला. त्या माणसासाठी हे लिहितेय, कारण चुका त्याच त्या पाहून आता कंटाळा आलाय.

"होतंच तसं"

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलते.

कुडाळजवळच्या एका वाडीतल्या काकू. स्लीव्ह झालेलं, म्हणजे जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून उरलेली अरुंद नळी. पातळ पदार्थांवरचे पहिले दिवस बरे गेले. मऊ जेवण सुरू झालं आणि उलट्या लागल्या. त्यांना धीर द्यायला नात्यातलेच एक गृहस्थ होते, वर्षभर आधी ऑपरेशन झालेले, मनाने अगदी सोनं. काकूंचा फोन आला की हे म्हणायचे, "होताच गो तसां, माका पण झालेलां. पेज घे नि पड जरा." खोटं बोलत नव्हते. घाईत गिळल्यामुळे त्यांनाही एकदोनदा उलटी झाली होती. काकूंना रोज होत होती, दिवसातून चार-पाचदा. ते त्यांनी कधी विचारलंच नाही.

असे दोन आठवडे गेले. मग काकूंना एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, चालताना झोक जायला लागला. घरच्यांनी ठरवलं, अशक्तपणा आहे, सलाईन लावून आणू. मुलाने मला फोन केला तेव्हा रिक्षा दारात उभी होती.

थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, शरीरात फार साठत नाही; जेमतेम काही आठवडे पुरतं. सतत उलट्या होत असतील तर ते संपतं आणि परिणाम थेट मेंदूवर होतो: डोळे, तोल, मग विस्मरण. अशा माणसाला थायमिन न देता आधी ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर नुकसान वाढू शकतं. मी मुलाला एवढंच म्हटलं, सर्जनच्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे त्यांच्यातर्फे पेशंटचे फोन घेणाऱ्या माणसाला, आत्ताच्या आत्ता फोन लाव, आणि दवाखान्यात पोचलास की तोच फोन डॉक्टरांच्या हातात दे. त्याने तसंच केलं. थायमिनची इंजेक्शनं आधी गेली, मग काकूंना गोव्याला हलवलं. जठराची नळी एका जागी आवळली गेली होती. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद केली. काकू सावरल्या, पण भिंतीला हात लावत चालायची सवय पुढे कितीतरी महिने सुटली नाही.

म्हणून उलटीचा फोन आला की मी धीर द्यायच्या आधी प्रश्न विचारते. दिवसातून किती वेळा? पाणी टिकतंय का? सकाळपासून लघवी किती वेळा झाली, रंग कसा? पाणीसुद्धा टिकत नसेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन, उद्या नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताप, धाप लागणं, पोटात वाढत जाणारं दुखणं, एका पोटरीला सूज, किंवा स्वस्थ बसलेलं असताना नाडी 120 च्या वर, यातलं काहीही असलं तरी तेच. डावा खांदा दुखतो म्हणाले तर विशेष लक्ष द्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात भरलेल्या गॅसमुळे पहिले एकदोन दिवस खांदा दुखतो हे खरं, आणि म्हणूनच सगळे "गॅस आहे, ओवा खा" म्हणून मोकळे होतात. पण टाके सुटून आत गळती झाली तरी तिथेच दुखतं. खांद्याबरोबर नाडी आणि ताप मोजायला लावा.

फोन ठेवायच्या आधी मी "सर्जनला सांगितलंत का?" हे विचारतेच. "नाही, त्यांना कशाला त्रास" असं उत्तर आलं की माझा आवाज चढतो. लाखांनी पैसे मोजलेत, द्या की त्रास!

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट. डिस्चार्ज कार्ड कपाटात, साड्यांच्या खाली नको. त्याची एक प्रत कालनिर्णयच्या मागे अडकवा, वर कोऑर्डिनेटरचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आणि गावच्या डॉक्टरांना नुसतं "बायपास झालंय" सांगू नका, ते हृदयाचं समजतात. पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर मी सरळ सांगते, पहिले दहा-पंधरा दिवस डोंबिवली-विरारच्या चाकरमान्यांकडे राहा. घाटात दरड आली, लाइट गेली, रेंज गेली की कार्ड कितीही नीट लावलेलं असो, उपयोग शून्य.

"तुझे किती गेले?"

दुसरी माझी चीड. दोन बायका, एकाच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या, एक मालवणची, एक कणकवलीची. त्यांना धीर देणाऱ्या ताईंनी चांगल्या हेतूने त्यांची जोडी लावून दिली आणि दर रविवारी दोघींचे किलो एकमेकींना कळवायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात मालवणवालीचा काटा अडला. बहुतेकांचा तिथे अडतो. सुरुवातीला शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याबरोबरचं पाणी जातं, मग शरीर जरा सावरून घेतं. आठ-पंधरा दिवस काटा हलत नाही, नंतर आपोआप हलतो. हे तिला कुणी सांगितलंच नाही. तिला एवढंच कळलं की कणकवलीवाली पुढे गेली. मग तिने प्रोटीन पावडर बंद केली आणि कोकमाच्या पाण्यावर दिवस काढायला लागली. किलो गेले, हो. त्याबरोबर अंगातली ताकद गेली. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत थोडे केस बऱ्याच जणांचे गळतात आणि पुन्हा येतात. हिचे मात्र न्हाणीघराच्या जाळीत गुंता होईपर्यंत गळले.

मुळात तुलना करायचीच कशाची? एकीचं स्लीव्ह, दुसरीचं बायपास. एक पस्तिशीतली, दुसरी साठीला टेकलेली. सुरुवातीचं वजन वेगळं, डायबेटिसची औषधं वेगळी. बरं, काट्याचं तरी काय सांगावं? आपल्या चिऱ्याच्या घरांत पडवीत ठेवला तर एक आकडा, माजघरात ठेवला तर दुसरा.

मी किलो विचारतच नाही. एसटीची पायरी चढताना दांडा धरावा लागतो का? जमिनीवर बसून हात न टेकता उठता येतं का? चपलेचा पट्टा स्वतः लावता का? बांगडी कुठवर सरकते? काटा आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच लादीवर. ज्याला रोज चढायची खाज आहे त्याचा काटा मी शेजाऱ्यांकडे ठेवायला लावते. हसू नका, उपयोग होतो.

पेज

पेजेवर टीका केली की आपल्याकडे लोक दुखावतात. पण दर दोन तासांनी वाटीभर पेज पाजणं म्हणजे प्रेमाने उपाशी ठेवणं आहे. पोटात जागा उरलीय ओंजळभरही नाही, आणि शरीराला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन हवं. पेजेत ते नावापुरतं असतं. वरणाच्या वरच्या पाण्यातही फारसं नसतं. तुमच्या आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात मऊ जेवणाची पाळी आली की वाफवलेला मऊ मासा काटे काढून, कुस्करून घ्या. कोकणात राहायचा एवढा तरी फायदा उठवा. मासे न खाणाऱ्यांनी दही, पनीर, मुगाचं दाट वरण, कुळथाची पिठी. आधी प्रोटीन, मग जागा उरली तर भात. सोलकढी जेवताना नको. कुठलंच पेय जेवताना नको, अर्धा तास थांबा.

आणि स्वतःचा तक्ता दुसऱ्याला देऊ नका. तुमचं ऑपरेशन त्यांचं नव्हे.

बाकीच्या, पटापट

गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी: बायपासवाल्यांना अल्सर होऊ शकतो. सर्जनला विचारल्याशिवाय कुणाला सुचवू नका.

मिश्री. हो, मिश्रीपण तंबाखूच आहे. काकू-मावश्यांना स्पष्ट विचारा, त्या आपणहून सांगणार नाहीत.

इन्सुलिन आणि बीपीच्या गोळ्या: ऑपरेशननंतर काही दिवसांतच डोस बदलावा लागू शकतो. तुम्ही "बंद कर" म्हणू नका, "चालू ठेव" पण म्हणू नका. डॉक्टरांनाच बोलू द्या.

दारू आता पटकन चढते, आणि जेवणातून मिळणारा दिलासा गेला की काहीजण तिच्यात शोधतात. शिमग्याच्या आधी बोलून घ्या.

वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहायची शक्यता वाढते. पण 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची असते. हे सासूसमोर बोलता येत नाही, म्हणून बाईने बाईला एकटीत गाठून सांगावं.

कुणाचं ऑपरेशन झालंय हे तिसऱ्याला सांगू नका. वाडीत बातमी एसटीच्या आधी पोचते.

गणपतीत गप्प बसणं

बायपास झालेल्याला "एका मोदकाने काय होतंय" म्हणत गूळ-खोबऱ्याचं सारण भरवलं की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा. गोड एकदम आतड्यात उतरल्यामुळे होतं हे. ऐन आरतीत घरच्यांना वाटतं हार्ट अटॅक आला. पेशंटला बजावून उपयोग नाही, वहिनींचा आग्रह मोडायची हिंमत त्याच्यात नसते. मी चतुर्थीच्या आठवडाभर आधी थेट वहिनींनाच फोन करते. त्यांना कारण कळलं की पुढची राखण त्याच करतात.

"किती छान दिसतेस!" म्हणून विषय संपवणं

वजन उतरतंय म्हणजे माणूस खूश असणार, असं गृहीत धरतात लोक. ऑपरेशननंतर मन खचणं नवीन नाही. कुणी म्हणालं की कशातच रस वाटत नाही, तर कौतुक करू नका, ऐकून घ्या. जगावंसं वाटत नाही असा सूर असेल तर माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच वेळी कळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मराठीतही बोलतो, फुकट आहे.

तीन महिन्यांचे गुरू

लोक या ऑपरेशनलाच शॉर्टकट म्हणतात, त्याचं मला काही वाटत नाही. खरा शॉर्टकट मारतात ते उतावळे: यकृत लहान व्हावं म्हणून दिलेला ऑपरेशनआधीचा आहार बुडवणारे, "आता बरं वाटतंय" म्हणून बी12, लोह, कॅल्शियम सोडणारे. या गोळ्या जन्मभराच्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

हेच उतावळे तिसऱ्या महिन्यात दुसऱ्यांना शिकवायला निघतात. पहिलं वर्षभर जवळजवळ सगळ्यांचंच उतरतं, त्यात तुमची अक्कल फारशी नसते. भूक परत येते, गोड पुन्हा पचायला लागतं, काटा थोडा वर सरकतो, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ते पाहिलेलं नसेल तर ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सोबत बसा, डबा पोचवा, गाडीत बसवून द्या. सल्ला मात्र देऊ नका.

आणि जे खरोखर सोबत करतात, तेही नेमके दुसऱ्या वर्षी फोन बंद करतात, कारण आता सगळं छान चाललंय. मी दर वाढदिवसाला फोन करते, शुभेच्छा कमी आणि रक्ततपासणीची आठवण जास्त: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हॉर्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं). नमुना इथल्या लॅबमध्ये देता येतो, रिपोर्टचा फोटो सर्जनकडे पाठवता येतो. त्यासाठी रजा काढून मुंबई गाठावी लागत नाही, तेव्हा ती सबब मी ऐकून घेत नाही.